समुद्राच्या गाळात आमचं रान

फोन वाजत होता आणि मी तो उचलत नव्हते. सकाळचे दहा वाजले असतील. आदल्या दिवशी मी दवाखान्यातून घरी आले होते. सासूबाईंना अंघोळ घालायची होती, चार कपडे धुवायचे होते आणि दुपारच्या गाडीनं परत औरंगाबादला जायचं होतं. आमचे हे तिथंच होते, अलकाताईच्या खाटेजवळ. माझे हात पिठात होते, पण न उचलण्याचं कारण ते नव्हतं. त्या वेळी फोन यायला दुसरं काही निमित्तच नव्हतं, आणि जोवर मी तो उचलत नाही तोवर अलकाताई आहे, एवढंच मला कळत होतं. फोन थांबला. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा आतून सासूबाई म्हणाल्या, "उचल बाई. म्या ऐकून राह्यले मघापासून." मी हात न धुताच उचलला. पलीकडून हे काही बोललेच नाहीत. नुसता श्वास ऐकू येत होता...

त्याला आता सात आठवडे झाले. अलका माझी धाकटी नणंद. समुद्राच्या तळाचा गाळ तपासून जुन्या काळी समुद्र किती गरम होता ते सांगणारी शास्त्रज्ञ, असं तिच्याबद्दल दोन-तीन ठिकाणी छापून आलं. ते खरंच आहे. पण मी ओळखते ती अलका आधी एक फार घाबरट मुलगी होती, आणि तिच्याविषयी लिहायचं तर मला तिथूनच लिहिता येईल.

एक्याऐंशी साली मी लग्न होऊन बदनापूरला आले तेव्हा ती पाचवीत होती. नणंदेला नावानं हाक मारायची नाही, असं सासूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं. म्हणून मी एवढ्याशा मुलीला 'अलकाताई' म्हणायचे आणि ती परकराचं टोक तोंडात धरून हसायची. आमचं घर स्टेशनच्या मागच्या बाजूला, रान तिथून कोसभर, दुधना नदीच्या काठाला. ती इंजिनाच्या शिट्टीला भ्यायची, पालीला भ्यायची, आणि पाण्याला तर इतकी, की गुडघाभर दुधनेतही तिनं कधी पाय घातला नाही. स्टोव्ह बंद केलाय का, हे ती तीनदा बघायची. मी कुलूप लावलं की ती किल्ली हातात घेऊन कुलूप ओढून ओढून पाहायची. मी वैतागायचे. पुढं तिच्या प्रयोगशाळेतल्या एका बाईंनी मला सांगितलं, की अलकाचं मोजमाप कुणी पुन्हा तपासायला जायचंच नाही, कारण तिनं ते स्वतःच चारदा तपासलेलं असायचं.

जालन्याच्या कॉलेजात ती रोज रेल्वेनं जायची, मग एमएस्सीला औरंगाबाद, आणि तिथून थेट समुद्रकिनाऱ्यावरच्या एका संशोधन संस्थेत. आमच्या सासऱ्यांना घरातले सगळे नाना म्हणत. पोरगी समुद्रातल्या मातीवर काम करणार हे कळल्यावर ते म्हणाले, "मातीच बघायची तर इथं काय कमी हाये? पण जा. भिऊन बसशील तर बसूनच राहशील."

पहिल्यांदा ती जहाजावर गेली ती दिवाळी झाल्यावर. गोदावरी जिथं समुद्राला मिळते, तिथून पुढं खोल पाण्यात जायचं, लोखंडी नळी तळात घुसवायची आणि गाळाचे थर जसेच्या तसे वर काढायचे, असं काम होतं. ती गेल्यावर पाचव्या का सहाव्या दिवशी रेडिओवर ऐकलं, की बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झालाय, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. आमच्यापैकी कुणी समुद्र पाहिलेला नव्हता. कमी दाबाचा पट्टा म्हटलं की आम्हाला पाऊस आठवायचा, ज्वारीला बरा का वाईट एवढंच. त्या दिवशी नानांनी रेडिओ बंद केला, मग पुन्हा लावला, आणि पुढचे चार दिवस तो बंद झालाच नाही.

स्टेशनसमोर रशीदभाईंचं एसटीडी बूथ होतं. मी शाळेत शिकवून आले की तिथं जाऊन संस्थेला फोन लावायचे. पलीकडून एकच उत्तर यायचं, "जहाजाशी सध्या संपर्क नाही. काळजी करू नका." हे 'काळजी करू नका' ऐकलं की मी रिसीव्हर हातात तसाच धरून उभी राहायचे. रशीदभाई काचेतून बघत असायचे. "भाभी, बैठो जरा. पानी पियो. मैं फिर लगाता." असं म्हणून ते स्वतः नंबर फिरवत बसायचे. घरी नाना जेवत नव्हते. "म्याच पाठविली," एवढंच म्हणायचे, भिंतीकडं बघत. सासूबाईंनी देवापुढं दिवा लावला तो विझू दिला नाही. आणि मी... मी शाळेत मुलांना पृथ्वीवर तीन भाग पाणी आहे हे शिकवताना मधेच थांबले आणि पुढचं वाक्य मला आठवेना.

पाचव्या दिवशी दुपारी रशीदभाई स्वतः धावत घरी आले. चपलाही पायात नव्हत्या. मी बूथवर पोचले तेव्हा रिसीव्हर बाजूला काढून ठेवलेला होता. "वहिनी, मी. जमिनीवर आहे," ती म्हणाली आणि रडायला लागली. नंतर तिनं सांगितलं, की दोन दिवस तिला बिछान्याला पट्ट्यानं बांधून घ्यावं लागलं होतं. पोहायला येत नव्हतंच. डोळे मिटून ती स्टेशनांची नावं म्हणत होती, जालना, दिनेगाव, बदनापूर, करमाड, चिकलठाणा, आणि संपली की उलटी. पण नळ्या सगळ्या सुखरूप आल्या होत्या. हे सांगताना तिचा आवाज बदलला, ते मला अजून आठवतं. पुढं ती आणखी चार वेळा जहाजावर गेली. प्रत्येक वेळी जायच्या आधी तिला ताप यायचा, आणि प्रत्येक वेळी ती जायची.

त्या नळ्यांतला गाळ संस्थेच्या शीतगृहात पडून होता. नवं शतक लागलं आणि समुद्राचं जुनं तापमान मोजायची एक नवी रीत निघाली, तेव्हा तो बाहेर निघाला. ती रीत काय, हे तिनं मला आणि सासूबाईंना आमच्या स्वयंपाकघरात समजावून सांगितलं. थंडीचे दिवस होते, तुपाची वाटी समोर होती. समुद्रात डोळ्यांना न दिसणारे एकेका पेशीचे जीव असतात. त्यांच्या अंगाभोवतीचं पातळ आवरण चरबीचं असतं. "थंडीत तूप थिजतं, उन्हाळ्यात पाघळतं, बराबर? यांच्या आवरणाचं तसंच. पाणी गरम झालं की ते ढिलं पडायला लागतं. मग हे जीव त्या चरबीच्या रेणूत जास्तीच्या कड्या घालतात, म्हणजे आवरण घट्ट राहतं. पाणी थंड असलं की कड्या कमी." जीव मरतो, तळाला जातो, त्याच्यावर गाळ बसत जातो. बाकी सगळं कुजतं, पण ही चरबी हजारो वर्षं टिकते. ती गाळातून वेगळी काढायची, कड्यांचं प्रमाण मोजायचं, आणि तो जीव जगत होता तेव्हा समुद्राचं वरचं पाणी किती गरम होतं ते सांगायचं. सासूबाई तूप वाढता वाढता थांबल्या. "म्हंजी मेल्यावर बी कळतंय व्हय, त्याला किती ऊन लागलं ते?"

"हो आई. कळतं."

तीन वर्षं तिनं ते मोजलं. आकडे चांगले निघाले. तिच्या सरांनी ते एका अहवालात घातले, परदेशातल्या परिषदेत ते वाचायला जाणार होते, आणि त्या कामाच्या जोरावर अलकाताईची तोवर कंत्राटी असलेली नोकरी कायम होणार होती. आम्ही सगळे खूश होतो. आणि अशात एका मे महिन्यात, न कळवता, ती घरी आली. सोबत कपड्यांची पिशवी लहान आणि काचेच्या बरण्यांचं खोकं मोठं. चेहरा उतरलेला. "वहिनी, उद्या माझ्यासोबत रानात येता का? मला आपली माती पाहिजे."

मे महिन्यातलं आमचं काळं रान म्हणजे नुसत्या भेगा. हात आत जाईल एवढ्या. सकाळचंच ऊन चटके देत होतं. तिनं हातमोजे घातले, चांदीसारख्या कागदात गुंडाळलेला स्टीलचा चमचा काढला आणि भेगेच्या आतली माती खरवडून बरणीत भरायला लागली. मी बरण्या धरत होते. मला म्हणाली, तोंडाशी बोट लावू नका, मातीला हात लावू नका, आपल्या हाताचंही तेल असतं. एवढ्यात शेजारच्या रानातले लिंबाजीबापू बांधावर येऊन उभे राहिले.

"काय करून राह्यली ताई?"

"माती घेऊन राह्यले बापू. तपासायची हाये."

"कशापायी?" बापूंचा आवाज खाली आला. "धरण-बिरण येऊन राह्यलं का काय? आमचं बी रान जातंय का त्याच्यात?"

"न्हाई बापू, बिलकुल न्हाई. माझ्या कामापायी लागती."

बापूंना ते पटलं नाही. पुढं महिनाभर गावातली माणसं नानांना येऊन विचारत राहिली, सरकार किती जमीन घेऊन राह्यलं म्हणून. पण त्या दिवशी बांधावर बापूंपेक्षा जास्त भ्यालेली कोण होती, ते मला थोड्या वेळानं कळलं. ती बाभळीखाली बसली, मोजे काढले आणि सांगायला लागली.

तिच्या आकड्यांत मधेच काही थर फार गरम येत होते. इतका गरम समुद्र तिला खरा वाटेना. तेवढेच थर तिनं पुन्हा पुन्हा काढून पाहिले. मग एके दिवशी त्यातल्या एका थराचा उरलेला गाळ ताटलीत वाळत पडला होता, आणि वाळल्यावर तो तडकला. "वहिनी, मी बघतच राहिले. चौकोनी भेगा. हे असंच," आणि तिनं समोर बोट केलं. दुधनेला पूर येतो, आपल्या रानाची माती वाहून जाते. दुधना पूर्णेला, पूर्णा गोदावरीला, आणि गोदावरी ती माती थेट त्या समुद्रात नेऊन टाकते, जिथं तिनं नळी घुसवली होती. आणि मातीतही तसेच जीव असतात. त्यांची चरबीही तशीच असू शकते. ती समुद्रातल्या जिवांच्या चरबीत मिसळली तर हिशेब चुकणार.

"आणि आपल्या मातीत ती सापडली तर?" मी विचारलं.

"तर मी तीन वर्षं समुद्राचं ऊन मोजलंच नाही, वहिनी. आपल्या रानाचं मोजलं." तिनं बरणीचं झाकण पुन्हा एकदा घट्ट केलं. "खरं सांगू? मला वाटतंय की सापडू नये. असं वाटणंसुद्धा चूक आहे, पण वाटतंय."

ती गेली, आणि पुढचे तीन आठवडे मी तिच्या फोनची वाट पाहिली आणि तो येऊ नये असंही म्हटलं. एका रविवारी दुपारी आला.

"वहिनी, आहे."

"काय आहे?"

"मातीत आहे."

सरांना तिनं सांगितलं होतं. सर चिडले नाहीत. ते म्हणाले, चांगलं निरीक्षण आहे, पुढच्या कामात घालू, आत्ताचं आहे तसं जाऊ दे. हे सांगून मी काहीतरी बोलावं म्हणून ती थांबली होती. आणि मी जे बोलले ते इथं लिहिल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही. मी म्हणाले, "अलकाताई, एकदा नोकरी पक्की होऊ द्या. मग सांगा. कोण विचारतंय?" माझ्या डोळ्यांपुढं तेव्हा ती एकटी, परक्या गावात, नोकरीवाचून, एवढंच दिसत होतं. मी भ्याले होते. ती हळूच म्हणाली, "वहिनी, तुम्हीपण असंच म्हणता?" आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिनं पत्र लिहिलं. माझे अमुक थरांचे आकडे धरू नयेत, त्यात जमिनीवरची माती मिसळली आहे, असं सरळ. ते द्यायला जाण्याआधी तिला दोनदा ओकारी झाली होती, हे तिनं मला पुढं कितीतरी दिवसांनी सांगितलं. सर परिषदेला गेले नाहीत. ते तिच्याशी त्यानंतर कामापुरतंच बोलले. नोकरी कायम झाली नाही. दर वर्षी कागद नवा व्हायचा, आणि दर वर्षी तो होईल की नाही या धास्तीत तिचा उन्हाळा जायचा. तिचं टेबल मागच्या एका खोलीत गेलं. तिथं बसून तिनं एकच काम धरलं. गाळाच्या प्रत्येक थरात समुद्राची चरबी किती आणि मातीची किती, हे दोन्ही मोजायचं, म्हणजे कोणत्या थरावर विश्वास ठेवायचा ते कळेल. परदेशातल्या लोकांनीही, दुसऱ्या नद्यांच्या मुखाशी, तोवर हेच ओळखलं होतं आणि तिच्याआधी छापलंही होतं. मला वाटलं ती खचेल. तिचा फोन आला तो हसतच. "बघा वहिनी, त्यांनापण असंच सापडलं. मी एकटी नव्हते." मग म्हणाली, की तिचे खोलातले काही थर मात्र खरे निघालेत. तेवढे टिकतील.

मी तिची माफी मागितली नाही. दोन-तीनदा ओठांवर आली होती. दर वेळी वाटलं, पुढच्या सुट्टीत.

नाना गेले ते तिच्या आजाराच्या आधी. कुणाच्या जाण्याबद्दल 'बरं झालं' असं मी आयुष्यात एकदाच म्हटलंय. गेल्या संक्रांतीला ती आली तेव्हा तिचे डोळे पिवळे होते. दमलेय, म्हणाली. औरंगाबादच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि यकृताचं नाव घेतलं. मग त्यांनी विचारलं, काम काय करता? ती सांगायला लागली, गाळातून चरबी काढायला कोणकोणती रसायनं लागतात ते, किती वर्षं. डॉक्टरांचं लिहिणं थांबलं. मी आणि हे त्या थांबलेल्या पेनाकडं बघत होतो. "त्याचा संबंध असेलच असं नाही," ते म्हणाले. "नक्की सांगता येणार नाही."

हे 'सांगता येणार नाही' घेऊन आम्ही घरी आलो आणि सहा महिने त्याच्यासोबत राहिलो. ह्यांना ते असह्य व्हायचं. "आसंल तर आसंल म्हना, न्हाई तर न्हाई म्हना," असं ते मोठ्यानं बोलून बाहेर निघून जायचे. अलकाताई शांतपणे म्हणायची, "दादा, मी हजारदा विचार केला. सांगता येत नाही म्हणजे सांगता येत नाही." पण मी तिचे कपडे धुताना पाहत होते. ती बाजूला बसून तिच्या प्रयोगशाळेतल्या कोटाकडं बघत राहायची.

शेवटचं भेटले तेव्हा दुपार होती. दवाखान्याच्या खिडकीतून कडुलिंब दिसत होता. "वहिनी, मी जास्त पिवळी दिसते का?" तिनं विचारलं. "नाही. कालच्यापेक्षा बरं आहे," मी म्हणाले. ती माझ्याकडं बघत राहिली. इतकी वर्षं बाहेर राहून तिची भाषा पार शहरी झाली होती, पण त्या दिवशी ती लहानपणीसारखं बोलली. "वहिनी, लई भीती वाटून राह्यली." मी नेहमीसारखं काहीतरी समजुतीचं बोलणार होते. "मलापण," मी म्हणाले. तिनं माझा हात धरला. मग म्हणाली, "आईला अंघोळ घालून या उद्या." म्हणून मी घरी आले होते...

तेराव्यानंतर संस्थेतून तिचं सामान आलं. पुस्तकं, वह्या, एक चष्मा आणि एक राखाडी लोकरी स्वेटर. आम्ही गोंधळलो. समुद्रकाठच्या त्या घामट गावात स्वेटर कशाला? सोबत आलेल्या बाईंनी सांगितलं, गाळाच्या नळ्या ठेवतात त्या शीतगृहात तासन् तास उभं राहावं लागायचं, तेव्हा ती हा घालायची. रोज.

तो सासूबाईंनी घेतला. पावसाळ्यातल्या उकाड्यातसुद्धा दुपारी पडताना त्या तो उशाशी घेतात, कधी छातीशी धरतात. "याला अलकाचा वास येऊन राह्यला," असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. मी त्यापासून लांब राहत होते. खोलीत गेलं की मला तो गोडसर, नाकात चढणारा रसायनांचा वास यायचा, जो तिच्या कपड्यांना यायचा. असली रसायनं तासाभरात उडून जातात, हे तिनंच मला सांगितलं होतं. तरी यायचा. सासूबाई ज्याला लेकीचा वास म्हणतात तो तोच तर नसेल, या विचारानं मी उंबऱ्यातूनच मागं फिरायचे, आणि त्यांच्या हातातून तो काढून घ्यायची हिंमतही होत नव्हती.

परवा दुपारी त्यांनी मला जवळ बोलावलं आणि स्वेटर माझ्या तोंडापुढं धरला. "घे. तू बी घे वास." मी श्वास रोखून उभी राहिले. त्या हात खाली घेईनात. शेवटी मी डोळे मिटून एक खोल श्वास घेतला. लोकरीचा वास होता. थोडा उन्हाचा. रसायनाचा नव्हता, आणि दुसराही कसलाच नव्हता. मी पुन्हा घेतला. काहीच नव्हतं.

"येतो की न्हाई?" सासूबाईंनी विचारलं.

"येतो," मी म्हणाले.